बरणीत उरलेले मणी

रंगाच्या कारखान्यात त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना खारटसाहेब म्हणत, कारण त्यांच्या ताब्यात मिठाची पेटी होती.

पेटी म्हणजे माणूस आडवा मावेल एवढी, जाड झाकणाची टाकी. रंग दिलेले लोखंडी पत्रे तिच्यात तिरपे उभे करायचे, झाकण लावायचं आणि आत कोमट खाऱ्या पाण्याचं धुकं सोडायचं. समुद्रावरचा वारा जे करायला वर्षं लावतो, ते पेटी काही आठवड्यांत करून दाखवते. रंग चांगला असला तर पत्रा टिकतो, नसला तर मुद्दाम काढलेल्या ओरखड्यापासून गंज पसरायला लागतो. अट एकच: मध्येच झाकण उघडायचं नाही. उघडलं की धुकं निसटतं, आतली ऊब उतरते, पत्र्यांवरचा ओलावा वाळायला लागतो, आणि मग जे आकडे येतात ते नेमके कशाचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

तरी कधी ना कधी कुणी तरी उघडतंच. त्यासाठी खारटसाहेबांनी एक रीत पाडली होती. ज्याच्या हातून झाकण उघडलं गेलं, त्याने पुढच्या सकाळच्या चहाला सगळ्यांदेखत उभं राहायचं आणि एवढंच म्हणायचं, ‘पेटी मी उघडली.’ कारण सांगायचं नाही. ऐकणाऱ्यांनीही वर एक शब्द बोलायचा नाही. कप रिकामे करायचे आणि कामाला लागायचं.

त्या दिवशी सकाळी नवी शिकाऊ मुलगी उभी राहिली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

“पेटी मी उघडली. म्हणजे सर, मला वाटलं की आतली नळी तुंबली असेल, म्हणून मी...”

“कारण नको,” खारटसाहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांना चढवावा लागत नसे. “कारण जोडलं की चूक अर्धी झाली असं आपलं आपल्याला वाटतं. चूक अख्खीच असते. बस खाली.”

ती बसली. सगळ्यांनी कप रिकामे केले. खारटसाहेबांना आपल्या रीतीचा मनातून अभिमान वाटला. तो त्यांना नेहमीच वाटत असे.

घरी त्यांच्या ताब्यात दुसरी एक पेटी होती, ती फोनमध्ये. त्यांची मुलगी ठकी गेमच्या पायी अभ्यास सोडते, जेवण सोडते, हाका ऐकू येईनाशा होतात, असं झाल्यावर त्यांनी एक ॲप घेतलं. मुलीच्या टॅबवर एक भाग, बापाच्या फोनवर दुसरा. बाप इथून वेळ ठरवणार, तिथे तेवढाच खेळ चालणार. वेळ संपला किंवा बापाने खेळ थांबवला की पडदा करडा, आणि त्यावर एकच ओळ: ‘तुझा वेळ संपला आहे.’ ठकीच्या आईने त्याचं नाव लगाम ठेवलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, आणि माणसाला जवळचं दिसतंय की लांबचं, हे तिला पटकन कळायचं. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, “घोड्यापेक्षा तुम्हालाच आवडलेला दिसतोय हा लगाम. दिवसातून किती वेळा बघता!”

“मोजमाप आहे ते. बघावंच लागतं.”

ठकीने मात्र आकांडतांडव केलं नाही. ती बापाचीच लेक. पहिल्या दिवशी वाद घातला, दुसऱ्या दिवशी नियम वाचले. त्यात तिला एक फट सापडली: आज न वापरलेला वेळ उद्यासाठी साठतो. मग तिने आईच्या तुटलेल्या माळेचे निळे मणी घेतले, एका काचेच्या बरणीत टाकले आणि हिशेब सुरू केला. एक मणी म्हणजे दहा मिनिटं. खेळली की मणी बाहेर, राखली की मणी आत.

“आणि ॲप काही वेगळंच म्हणालं तर?” तिने विचारलं होतं.

“तर तुझं मोजणं चुकलं,” खारटसाहेब म्हणाले होते. “यंत्र खोटं बोलत नाही.”

हे वाक्य तिने आपल्या खोलीच्या दारावर नव्हतं लावलं इतकंच. डोक्यात पक्कं लावलं होतं.

ज्या दिवशी शिकाऊ मुलगी उभी राहिली, त्याच दिवशी सकाळी, घरून निघायच्या आधी, ठकी बरणी पोटाशी धरून बाबांच्या खुर्चीजवळ आली होती. शाळेला सुट्टी होती, केस विंचरलेले नव्हते.

“बाबा, आज दुपारी आमची शेवटची शर्यत. होड्यांची. मी बरेच दिवस खेळलेच नाहीये, वेळ साठवलाय. पुरून उरेल. चालेल ना?”

“हं,” खारटसाहेब म्हणाले. ते फोनवर काही तरी वाचत होते. बहुधा लगामाचाच आठवड्याचा अहवाल.

“नक्की ना?”

“हं म्हटलं ना.”

दुपारच्या चहाला खरेदी खात्यातला गृहस्थ येऊन टेकला. त्याला सगळे पर्चेस म्हणत. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

“साहेब, आमचं कार्टं काही ऐकत नाही हो. काल म्हटलं, अरे बस कर, डोळे बाहेर येतील. तर म्हणतो, येऊ द्या, जवळून दिसेल.”

सगळे हसले. खारटसाहेबही हसले, पण वैद्य हसतो तसं.

“तुम्ही विनवण्या करता, तिथेच चुकतं. विनवणी कशाला? हे बघा.”

त्यांनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. चार डोकी खाली वाकली. ठकीच्या नावापुढे हिरवा ठिपका होता: ‘खेळ चालू’. त्याखाली दोन पर्याय. एक, ‘पाच मिनिटांची सूचना द्या’. दुसरा, ‘लगेच थांबवा’. सूचना दिली असती तर पाच मिनिटं टेबलावर काहीच घडलं नसतं. चहा निवला असता आणि माणसं पांगली असती. खारटसाहेबांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

ठिपका लाल झाला.

“झालं?” पर्चेसने विचारलं.

“झालं.”

“म्हणजे तिकडे, आत्ता, खरंच बंद?”

“खरंच बंद.”

“अहो, हा बाप आहे की वीज कंपनी!” रंग कालवणारा कारागीर म्हणाला, आणि सगळं टेबल खदखदलं. शिकाऊ मुलगीसुद्धा हसली. खारटसाहेबांच्या छातीत एक छानशी गुदगुली झाली. इतक्या वर्षांत मिठाच्या पेटीने त्यांना मान दिला होता, पण टाळी कधी दिली नव्हती. त्यांनी एक बिस्कीट उचललं, ते चहात बुडवून खाल्लं, मग बोट पुसलं आणि ‘पुन्हा सुरू करा’ दाबलं. ठिपका काही वेळ लालच राहिला, मग हिरवा झाला.

“बघितलंत? कुणाचं काही बिघडलं?” ते म्हणाले.

संध्याकाळी घरात शिरताना त्यांना चप्पल काढायच्या जागीच ठकी बसलेली दिसली. पापण्या सुजलेल्या, मांडीवर बरणी.

“बाबा, सॉरी. माझं चुकलं.”

“काय चुकलं?”

“वेळ मोजायला. शर्यत चालू असतानाच वेळ संपला. सुकाणू माझ्याकडे होतं. बाकीचे चौघं वल्ही मारतात, सुकाणूवर एकच जण असतो. मी गेले आणि होडी गोल फिरून खडकावर आपटली. शेवटच्या वळणाला, बाबा. आम्ही पहिले होतो.” तिने बाहीने नाक पुसलं. “मग पडदा परत उघडला, उद्याचा वेळ उसना मिळाला असेल, पण परत आले तेव्हा संपलं होतं सगळं. मुंगूस म्हणाला, वेळ मोजता येत नाही तर सुकाणू घ्यायचं कशाला.”

मुंगूस हा होडीचा कप्तान. खारटसाहेबांनी त्याचं नाव याआधीही ऐकलं असणार, पण ऐकलं होतं ते ‘हं’ म्हणत.

त्यांना टेबल आठवलं. वाकलेली चार डोकी, लाल ठिपका, बिस्कीट. सकाळचा स्वतःचा आवाज आठवला: हं म्हटलं ना. कुणी कानशिलात मारावी तसा चेहरा गरम झाला. आत्ता सांगावं, असं त्यांच्या जिभेच्या टोकाशी आलं. खरंच आलं. आणि तोंडातून निघालं ते वेगळंच.

“असू दे. पुढच्या वेळी नीट मोज.”

आतून ठकीच्या आईचा आवाज आला, “दुपारपासून घाबरून बसलीये. म्हणत होती, बाबा रागावतील, मी नियम मोडला.” ती हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याकडे कौतुकाने बघत म्हणाली, “बघ, रागावले का? उगाच घाबरतेस.”

त्या कौतुकाने खारटसाहेबांना सर्वांत जास्त भाजलं. ते पाय धुवायला गेले आणि नळ सोडून बराच वेळ नुसते उभे राहिले.

जेवणानंतर ठकीने बरणी त्यांच्यापुढे ओतली. निळे मणी टेबलभर पळाले. तिने तळहाताने ते अडवले.

“बाबा, हे बघा ना. हे उरलेत. उरायला नको होते. वेळ संपला तर बरणी रिकामी हवी.” तिने प्रत्येक मणी बोटाने सारून वेगळा केला, जसे खारटसाहेब पत्र्यांवरचे गंजाचे ठिपके मोजतात तसे. “मी पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी एवढेच उरतात. माझं कुठे चुकतंय ते तुम्हाला दिसेल. तुम्ही मोजमापवाले.”

हिशेबात चूक नव्हतीच. खारटसाहेबांनी इतका स्वच्छ हिशेब कारखान्यातल्या शिकलेल्या माणसांकडूनही पाहिला नव्हता.

“एखादा मणी जास्त पडला असेल,” ते म्हणाले.

“मी जास्त टाकला?”

“चुकून. होतं असं.”

ठकी अगदी हळू म्हणाली, “म्हणजे मी चीटिंग केलं असेल, मला न कळता?”

“तसं नाही ग...”

“नाही, असेल. मला जास्त खेळायचं होतं ना. हात आपोआप टाकत असेल.” ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. ज्या पेटीतले आकडे बिघडलेत पण कारण सापडत नाही, अशा पेटीकडे खारटसाहेब जसे बघत, तसंच.

पुढचे काही दिवस त्यांनी भरपाई करून पाहिली. लगामात वेळ वाढवून दिला. ठकीने तो वापरलाच नाही. रंगीत खडूंचा डबा आणला. तिने थँक्यू म्हणून तो न उघडता कपाटात ठेवला. एकदा तर ती म्हणाली, “बाबा, माझा वेळ कमी करा. मला शिस्त नाहीये.” ते ताट सारून उठले.

कारखान्यात त्यांची गंमत पसरली होती. जो तो येऊन विचारी, “काय साहेब, आज कुणाची वीज तोडली?” पर्चेसने तेच ॲप घेतलं होतं आणि रोज त्याचे पराक्रम ऐकवत होता. खारटसाहेब दात दाखवत. एका सकाळी चहाला उभं राहायची पाळी कुणाचीच नव्हती, आणि तरी खारटसाहेबांचे गुडघे उठायला बघत होते. ते बसून राहिले. इथे उभं राहून उपयोग नव्हता. ज्यांची चाचणी बिघडली, ते इथे नव्हते.

“तुम्हाला काय झालंय?” रात्री अंथरुणं घालताना बायकोने विचारलं. “चपलेत खडा गेल्यासारखे चालताय.”

“काही नाही. मी म्हणतोय, समजा... समजा तो लगामच बिघडला असेल तर? पोरीचं मोजणं बरोबर असेल.”

“मग तिला तसं सांगा ना! बिचारी स्वतःला चोर समजायला लागलीये. यंत्रच ते, बिघडणार नाही तर काय म्हातारं होणार?”

एक दार उघडं सापडलं, असं खारटसाहेबांना वाटलं. दार मागचं होतं, पण दार होतं. दुसऱ्या दिवशी घरी आल्या आल्या त्यांनी ठकीला हाक मारली.

“मी विचार केला. तुझे मणी बरोबर असावेत. लगामच बिघडला असेल.”

तिचा चेहरा उजळला नाही. तिने भुवया जवळ घेतल्या. “पण तुम्हीच म्हणता, यंत्र खोटं बोलत नाही.”

“खोटं नाही, बिघडू शकतं.”

“नक्की?”

खारटसाहेबांनी ‘हं’ म्हटलं.

आणि मग तिचा चेहरा उजळला. असा उजळला की त्यांना नजर वळवावी लागली. “मग तुम्ही मुंगूसला सांगाल? माझं नाही ऐकणार ते. तुमचं ऐकतील. मी सांगितलंय त्यांना, माझे बाबा यंत्रं तपासतात.” ती त्यांना हाताला धरून ओढत खोलीत घेऊन गेली. टॅब उभा होता. पडद्यावर किनाऱ्याला टेकलेली होडी, त्यात चौघं, आणि मागे सुकाणूची रिकामी जागा. ठकीने आपले हेडफोन काढून त्यांच्या कानांवर चढवले. ते घट्ट होते; त्यांचे कान दुमडले गेले.

“बाबा आलेत,” ती माइकजवळ तोंड नेऊन म्हणाली आणि बरणी मांडीवर घेऊन शेजारी बसली.

कानात मुलांचा गलका झाला. कुणी तरी जोरात काही चावत होतं.

“भोपळ्या, खाणं बंद कर, मोठी माणसं आहेत,” एक पातळ, करडा आवाज म्हणाला. “काका, मी मुंगूस. बोला.”

“हां. तर, त्या दिवशी जे झालं, त्यात ठकीची चूक नव्हती. ते ॲप... ॲपमध्ये बिघाड होता.”

“काय बिघाड, काका?”

“वेळ दाखवण्यात.”

“मग त्या दिवसाआधी कधी झाला होता का तसा?”

“नाही.”

“नंतर?”

“नाही.”

“म्हणजे नेमका शेवटच्या वळणाला, एकदाच?” मुंगूस उद्धटपणे बोलत नव्हता. तो फक्त विचारत होता, एकामागून एक, जसे खारटसाहेब स्वतः विचारत. “तुम्ही पुन्हा तपासून पाहिलंत का? कारण ठकी म्हणते, तुम्ही तपासल्याशिवाय बोलत नाही.”

खारटसाहेबांनी शेजारी पाहिलं. ठकीला कानातलं काही ऐकू येत नव्हतं. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नव्हती. त्यांनी हेडफोनची वायर ओढून काढली. आता आवाज खोलीत येऊ लागला. जे बोलायचं ते तिच्या कानावर पडायला हवं होतं.

“बिघाड नव्हता,” ते म्हणाले. “सुकाणू मी सोडलं. खेळ मी बंद केला.”

चावण्याचा आवाज थांबला.

रीतीप्रमाणे आता संपायला हवं होतं. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही, कप रिकामे करायचे. एक क्षण त्यांना हलकंही वाटलं. मग ठकी म्हणाली,

“का?”

कारखान्यात हा प्रश्न कुणी विचारत नसे. खारटसाहेबांच्या लक्षात आलं, ती रीत त्यांनी घालून दिली होती आणि त्यांना स्वतःला तिच्याखाली उभं राहायची वेळ कधीच आली नव्हती. तिथे कारण म्हणजे सबब असे. इथे कारण हीच चूक होती. तेच गिळलं असतं तर काही सांगितल्यासारखं झालं नसतं.

“कामावर चहाला बसलो होतो. एकाला दाखवायचं होतं की माझ्या एका बोटाने तुझा खेळ थांबतो. सूचना देता आली असती. पण लगेच थांबवला तर मजा जास्त, म्हणून तसा थांबवला. ते हसले. मग मी बिस्कीट खाल्लं, आणि मग पुन्हा चालू केला. सकाळी तू शर्यतीचं सांगितलं होतंस. मी ऐकलं नव्हतं. आणि त्यानंतर रोज तुझ्याशी खोटं बोललो. मघाशीसुद्धा.”



“बिस्कीट?” भोपळा हळूच म्हणाला. “आम्ही बुडत होतो तेव्हा?”

“गप रे,” मुंगूस म्हणाला.

ठकीने बरणीत हात घातला. मणी मुठीत घेतले, मूठ उघडून पाहिले आणि परत आत सोडले. “म्हणजे बरोबर होते,” ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. “पहिल्यापासून बरोबर होते.” तिचे खांदे खाली आले, आणि ते किती दिवस वर उचललेले होते, हे खारटसाहेबांना तेव्हा दिसलं. मग तिने त्यांच्या कानांवरून हेडफोन काढून घेतले, त्यांच्या केसांना धक्का लागणार नाही इतक्या बेताने, एखाद्या परक्या माणसाच्या डोक्यावरून काढावेत तसे.

“मुंगूस, मी येऊ का परत?”

“ये की. पण काका, एक अट. शर्यत असेल तेव्हा तुमचा फोन ठकीकडे.”

ठकीने त्यांच्याकडे न बघता तळहात पुढे केला. खारटसाहेबांनी फोन दिला. तिने तो बरणीत, मण्यांवर ठेवला आणि झाकण फिरवलं. फोन थोडा मोठा होता. झाकण तिरकं बसलं. तिने ते तसंच राहू दिलं.

“आम्ही सुरू करतोय,” ती म्हणाली. म्हणजे, जा.

ते बाहेर आले. बायको दाराशीच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, “बिस्कीट कुठलं होतं?” आणि उत्तराची वाट न बघता ती स्वयंपाकघरात निघून गेली.

खारटसाहेब व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहिले. आतून वल्ह्यांची लय ऐकू येऊ लागली, मग ठकीचा आवाज: डावीकडे, धरा, धरा, आता सोडा. एकदा ती हसली. त्यांनी मान थोडी वळवली, पण दारातून डोकावले नाहीत. दार उघडं होतं.

“आई, पाणी!” ठकी आतून ओरडली. ते दारापासून हाताच्या अंतरावर होते, हे तिला माहीत होतं.

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन भांडं भरलं, बाहेरून पुसलं आणि बायकोपुढे धरलं.

“अहो, तुम्हीच न्या की,” ती म्हणाली. आता तिचा आवाज थोडा मऊ होता.

“नको,” खारटसाहेब म्हणाले. “तिने तुला मागितलंय.”